मित्र आणि त्यांची कुत्री घेऊन रानवाटेने फिरायला कसे जावे

चार मित्र आणि तीन कुत्री असा बेत जमला की पाणी, पट्टे, विष्ठा उचलण्याच्या पिशव्या आणि लसीकरण या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात, म्हणून त्यांबद्दल लिहीत नाही. फक्त माजावर आलेली मादी घरीच ठेवावी, आणि आपोआप गुंडाळला जाणारा लांब दोरीचा पट्टाही. दोन कुत्र्यांच्या पायांत ती बारीक दोरी गुंतली की सोडवणाऱ्याची बोटे कापतात. दीड-दोन मीटरचा साधा पट्टा आणि अंगाला नीट बसणारा हार्नेस (गळ्याऐवजी छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा) पुरतो.

खरा कस लागतो तो अनोळखी कुत्र्यांच्या पहिल्या भेटीत. ‘सोडा त्यांना, ती आपापसांत बघून घेतील’ हा सर्रास मिळणारा सल्ला मला अजिबात मान्य नाही. बघून घेतात खरी, पण त्यात एखाद्याचा कान फाटतो आणि बुजरे कुत्रे पुढे प्रत्येक परक्या कुत्र्यावर आपणच आधी धावून जाऊ लागते. दोघांना घट्ट धरून नाकाला नाक लावू देणे तर त्याहून वाईट. समोरून, सरळ रेषेत, नजर रोखून येणे हे कुत्र्यांच्या लेखी आव्हान असते. मोकळी कुत्री सहसा वळसा घेत जवळ येतात आणि बाजूने किंवा मागून हुंगतात. ताणलेल्या पट्ट्यामुळे कुत्र्याला ना वळसा घेता येतो, ना मागे सरता येते. शिवाय मान उंच आणि छाती पुढे अशी त्याची ठेवण होते आणि समोरच्याला ते भांडायलाच आल्यासारखे दिसते. हे ध्यानात येईपर्यंत या टप्प्याने मला पुष्कळ छळले आहे.

म्हणून आधी भेट नव्हे, आधी चालणे. सगळी कुत्री एकदम गाडीतून उतरवू नयेत. मोकळ्या जागी दोघांनी आपापले कुत्रे घेऊन, मध्ये भरपूर अंतर राखून, एकाच दिशेने समांतर चालावे. माणसे आतल्या बाजूला आणि कुत्री बाहेरच्या बाजूला. अंतर किती ठेवायचे हे कुत्रेच सांगते. दुसऱ्याकडे एकदा पाहून ते पुन्हा जमीन हुंगू लागले आणि हाक मारताच मान वळवली, तर अंतर योग्य आहे. तोंड मिटून, अंग ताठ करून एकटक पाहत राहिले, तर काही न बोलता आणखी दूर व्हावे. अंग सैल पडू लागले की थोडे थोडे जवळ यावे, मग एकाला पुढे आणि दुसऱ्याला मागे चालवावे आणि काही वेळाने क्रम बदलावा, म्हणजे दोघांनाही एकमेकांचा वास निवांत घेता येतो. त्यानंतरच हुंगू द्यावे, तेही पट्ट्याला झोळ पडलेला असताना. मनात तीन मोजावे, हसऱ्या आवाजात हाक मारून दोघांना बाजूला घ्यावे आणि पुन्हा चालू लागावे. पट्टा ओढून दूर करू नये. त्या एका हिसक्याने आतापर्यंतची मेहनत वाया जाते.

शेपटी हलते म्हणजे मैत्री, हा समज सोडून द्यावा. उंच, ताठ आणि भरभर थरथरणारी शेपटी तणाव दाखवते. मैत्रीत कंबरही सैलपणे डुलते. खाणे समोर नसताना ओठ चाटणे, अवेळी जांभई, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे ही अस्वस्थतेची चिन्हे आहेत. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला रागावू नये, कारण गुरगुर ही सूचना आहे आणि ती दाबली तर पुढच्या वेळी ते न सांगता चावू शकते. ‘आमचे कुत्रे कुणाला काही करत नाही’ असे म्हणणारा एखादा मित्र सोबत असतोच. त्याच्याकडूनही हे सगळे करून घ्यावे. तिसरे कुत्रे जुळलेल्या जोडीत एकदम सोडू नये. त्याची प्रत्येकाशी वेगळी ओळख करून द्यावी.

पुढची वाट सोपी आहे. चेंडू आणि खाऊ कळपात बाहेर काढू नयेत, पाण्याची भांडी वेगळी ठेवावीत आणि मित्रांच्या डब्यातील मनुका व चॉकलेट कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नये, कारण दोन्ही त्यांना विषारी असतात.

गुरे दिसली की पट्टा आखूड धरावा, आणि बरोबर वासरे असतील तर मोठा वळसा घ्यावा. तरीही गुरे अंगावर आलीच, तर पट्टा सरळ सोडून द्यावा. त्यांचा रोख बहुधा कुत्र्यावर असतो. ते पळून निसटते, पण त्याला कवटाळून उभा राहिलेला माणूस तुडवला जातो.

परतल्यावर बोटांच्या बेचक्यांत, कानांत आणि काखेत गोचीड शोधावी. सापडल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सावकाश सरळ ओढावी. तेल ओतणे, चटका देणे असले उपाय करू नयेत.