ब्रिटिश पंतप्रधानांची बुधवारची प्रश्नोत्तरं निवडणुकीच्या तोंडावर कशी पाहावीत

आधी क्लिपा बघणं बंद करा. निवडणूक जवळ आली की हाउस ऑफ कॉमन्समधल्या बुधवारच्या प्रश्नोत्तरांचे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे फिरू लागतात, 'अमक्याने तमक्याची बोलती बंद केली' अशा मथळ्यांसकट. त्यातले बरेच तुकडे पक्षांच्याच प्रचार विभागांनी कापलेले असतात. पूर्ण कार्यक्रम जेमतेम अर्ध्या तासाचा असतो आणि तो फुकट बघता येतो.

वेळ लंडनची दुपारी १२ ची. भारतात बसून बघणाऱ्यांसाठी तिकडच्या उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच.

रचना एकदा समजून घेतली की झालं. पहिला प्रश्न ठरलेला: पंतप्रधानांचा आजचा कार्यक्रम काय? त्याच्या उत्तरात कुणालाच रस नसतो, पण त्याच्या आडून कुठल्याही विषयावर पूरक प्रश्न विचारता येतो. लोकसभेत तारांकित प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते आणि मंत्री खात्याने लिहून दिलेलं उत्तर घेऊन येतात. इथे विरोधी पक्षनेता काय विचारणार, हे पंतप्रधानांना आधी कळत नाही. विरोधी पक्षनेत्याला ६ प्रश्न मिळतात, तिसऱ्या मोठ्या पक्षाच्या नेत्याला २. सत्ताधारी बाकांवरून 'पंतप्रधान माझ्याशी सहमत आहेत का' असा प्रश्न सुरू झाला की खुशाल चहा टाकायला उठा.

आता खरी मेख. उत्तर मिळालं की टोलवलं गेलं, हे ओळखायचं कसं? मीही बरेच दिवस इथेच अडायचो, कारण सभागृहात आरडाओरडा इतका असतो की ज्याच्या बाजूचा हशा मोठा तो जिंकला असं वाटायला लागतं. आणि बहुतेक सल्लेही तेच सांगतात: दोघांना गुण द्या, विजेता ठरवा. हा सल्ला साफ टाकाऊ आहे. विल्यम हेग १९९७ ते २००१ या काळात विरोधी पक्षनेते होते. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना ते या अर्ध्या तासात कितीदा तरी अक्षरशः लोळवायचे, हजरजबाबीपणात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. २००१ च्या निवडणुकीत हेग यांच्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाला १६६ जागा मिळाल्या, ब्लेअर यांच्या मजूर (लेबर) पक्षाला चारशेच्या वर. तेव्हा गुणांची वही फेकून द्या.

त्याऐवजी प्रश्नावर कान ठेवा. ज्याचं उत्तर हो, नाही किंवा एखादा आकडा असू शकतं, असा तो प्रश्न आहे का? नसेल, तर ते भाषण आहे आणि पंतप्रधानांनीही भाषण ठोकलं तर त्यांना दोष देऊ नका. असेल, तर उत्तराचं फक्त पहिलं वाक्य ऐका. पुढचं सगळं, म्हणजे विरोधकांच्या जुन्या कारभाराची उजळणी आणि शेवटची पाठ केलेली कोटी, संध्याकाळच्या बातम्यांसाठी असतं.

पहिल्या वाक्यात क्रियापद बघा. 'आम्ही करणार नाही' आणि 'तसं करण्याची आमची योजना नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि निवडणुकीआधी दुसरं वाक्य ऐकू आलं की खिशाला हात लावून बघायचा. २०१० च्या प्रचारात हुजूर पक्ष व्हॅट वाढवण्याची आपली योजना नाही, असं सांगत होता. सत्ता आली, जूनमध्ये अर्थसंकल्प आला आणि ४ जानेवारी २०११ पासून व्हॅट साडेसतरावरून २० टक्के झाला. खोटं बोलले असं कुणाला म्हणता येईना. योजना नव्हती, मग झाली!

२५ मार्च २०१५ ची प्रश्नोत्तरं याचसाठी मुद्दाम शोधून बघा. ७ मेच्या मतदानाआधीची ती शेवटची बैठक. विरोधी पक्षनेते, मजूर पक्षाचे एड मिलिबँड यांनी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांना विचारलं, व्हॅट वाढवणार नाही असं स्पष्ट सांगता का? अपेक्षा अशी की पुन्हा 'योजना नाही' येईल आणि मग २०१० काढून झोडपता येईल. कॅमेरॉन यांनी सरळ 'हो' म्हटलं. मिलिबँड यांचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा आहे. पुढचे प्रश्न टाळाटाळ गृहीत धरून बांधले होते असं मला तरी दिसतं, कारण त्यानंतर त्यांचा सूरच लागला नाही. उलट कॅमेरॉन यांनीच नॅशनल इन्शुरन्सचा, म्हणजे पगारावर लागणाऱ्या सामाजिक विम्याच्या वर्गणीचा, दर वाढवणार नाही असं सांगता का, म्हणून विचारलं आणि मजूर पक्षाला त्याच दिवशी तसं जाहीर करावं लागलं. निवडणुकीनंतर हुजूर सरकारने हे दर न वाढवण्याचा कायदाही केला. तेव्हा टोले कुणी किती मारले ते विसरा. त्या अर्ध्या तासात कराबाबत दोन पक्षांचे हात बांधले गेले.

दुसरा सापळा याहून बारीक आहे: शब्दशः खरं उत्तर. २२ मे २०२४ ला स्कॉटिश नॅशनल पार्टीचे स्टीफन फ्लिन यांनी तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांना निवडणूक उन्हाळ्यात घेणार का, असं विचारलं. सुनक म्हणाले, वर्षाच्या उत्तरार्धात होईल. हे ते कित्येक महिने सांगत होते आणि बहुतेकांनी त्याचा अर्थ शरद ऋतू असाच लावला होता. त्याच संध्याकाळी भर पावसात, छत्री न घेता, त्यांनी डाउनिंग स्ट्रीटवर तारीख जाहीर केली: ४ जुलै. उत्तरार्ध १ जुलैला सुरू होतो! असं 'मी आधीच सांगितलं आहे' छापाचं उत्तर आलं की तो शब्द कॅलेंडरवर किंवा आकड्यांत मांडून बघा, त्यात कमाल किती आणि किमान किती बसतं ते.

पंतप्रधान उलट प्रश्न विचारू लागले तर ती टाळाटाळच समजा. एकच अपवाद, वर सांगितलेला: आधी स्वतःचं उत्तर देऊन मग विचारलं तर.

कार्यक्रम संपला की समालोचकांना बंद करा आणि संध्याकाळी हॅन्सार्ड, म्हणजे सभागृहाचं अधिकृत इतिवृत्त, उघडा. ते त्याच दिवशी ऑनलाइन येतं. हशा नाही, चेहरे नाहीत, नुसती वाक्यं. ऐकताना ठणठणीत वाटलेली उत्तरं तिथे कशी पोकळ निघतात ते दिसेल. मात्र हॅन्सार्डमध्ये अडखळणं, पुनरुक्ती वगैरे काढून टाकतात, त्यामुळे कोण चाचरलं हे त्यावरून ठरवू नका; त्यासाठी चित्रफीतच हवी. मंत्र्याने चुकीचा आकडा दिला असेल तर त्याची दुरुस्तीही नंतर तिथेच छापली जाते, आणि निवडणुकीच्या दिवसांत ती शोधायला कुणी जात नाही. तुम्ही जा.