ऑफलाईन लिनक्सचा पेनड्राईव्ह बनवताय? मग या चुका टाळा

एका गावातल्या शाळेच्या लॅबमध्ये डेबियन, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकायला गेलो होतो. दहा जुने पीसी, नेट नाही, मोबाईलला रेंज हवी तर पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जायचं. मी एकदम निवांत, कारण घरी सगळं करून बघितलेलं, बूट होतंय, इन्स्टॉल होतंय, डेस्कटॉप येतोय. तिथं पहिल्याच मशीनवर इन्स्टॉलर म्हणाला नेटवर्क सापडत नाही, म्हटलं नसू दे, पुढे चल. अर्ध्या तासाने रीबूट केलं तर काळ्या स्क्रीनवर नुसतं लॉगिन. सरांनी विचारलं, "झालं का चालू?" आता काय सांगणार, चालू तर झालंच होतं!

झालं असं की मी नेली होती नेटइन्स्टची आयएसओ (आयएसओ म्हणजे अख्ख्या इन्स्टॉल डिस्कची एकच फाईल). तिच्यात फक्त बेस सिस्टिम असते, डेस्कटॉप, लिब्रेऑफिस वगैरे सगळं ती नेटवरनं खेचते, आणि घरी वायफाय चालू असल्यामुळे मला ते कळलंच नाही. म्हणून पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, ऑफलाईन मीडिया (म्हणजे इन्स्टॉलचा पेनड्राईव्ह) नेट चालू ठेवून टेस्ट करणं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (पीसीच्या आत खोटा पीसी चालवणारं सॉफ्टवेअर) नवीन मशीन बनवा, सेटिंग्जमध्ये जाऊन नेटवर्क अडॅप्टरची टिक काढा आणि मग डेस्कटॉप दिसेपर्यंत पूर्ण इन्स्टॉल करा. तासभर जातो, पण एसटीचा हेलपाटा वाचतो.

मग घ्यायचं काय, तर डेबियनच्या डीव्हीडी-१ ची आयएसओ, तिच्यात डेस्कटॉपही असतो. साधारण पावणेचार जीबी, त्यामुळे ८ जीबीचा पेनड्राईव्ह पुरतो. नाव डीव्हीडी असलं तरी पेनड्राईव्हवर बिनधास्त चालते, लोक नाव बघून उगाच सोडून देतात. इन्स्टॉलरने नेटवर्क मिरर (सॉफ्टवेअरचा नेटवरचा साठा) वापरू का विचारलं की नो म्हणायचं, अजून मीडिया स्कॅन करू का विचारलं तरी नो. लाईव्ह आयएसओपण (इन्स्टॉल न करता थेट पेनड्राईव्हवरनं चालणारी) चालते, समोर दिसतो तोच डेस्कटॉप हार्ड डिस्कवर उतरतो, फक्त नंतर एखादं जास्तीचं पॅकेज (सॉफ्टवेअर) लागलं तर तिच्यात मिळेलच असं नाही. मला डीव्हीडीच बरी वाटते.

डाउनलोड झाल्यावर चेकसम (फाईल जशीच्या तशी उतरली का हे सांगणारा आकडा) बघा. हो, कंटाळा येतो. पण हॉटस्पॉटवर एवढी मोठी फाईल उतरवताना मध्येच तुटते आणि ब्राउझर बिनदिक्कत कंप्लीट दाखवतो. आयएसओच्या फोल्डरमध्येच एसएचए२५६ आणि एसएचए५१२ च्या आकड्यांची फाईल असते, विंडोजवर सर्टयुटिल, लिनक्सवर एसएचए२५६सम ही कमांड मारायची, आणि येणारा आकडा त्या फाईलीशी जुळवायचा, बस. लिहिताना काही बिघडलं असेल तर ते यात कळत नाही, त्यासाठी इन्स्टॉलरच्या मेन मेनूत मीडियाची इंटिग्रिटी तपासायचा वेगळा ऑप्शन आहे.

आता लिहिण्याबद्दल. आयएसओ फाईल नुसती कॉपी करून पेनड्राईव्हवर टाकली तर बूट होत नाही, हे सांगायला नको पण सांगतो, कारण अजूनही लोक करतात (आयएसओ फाईलीवरनंच बूट करून देणारं व्हेंटॉय टाकलेला पेनड्राईव्ह असेल तर गोष्ट वेगळी). विंडोजवर आयएसओ लिहायला रुफस हे टूल वापरत असाल आणि त्याने आयएसओ मोड की डीडी मोड विचारलं, तर डेबियनसाठी डीडी मोड (आयएसओ जशीच्या तशी लिहिणारा). युनेटबूटिन या तसल्याच टूलच्या नादी लागू नका, त्याने बनवलेला पेनड्राईव्ह बूट होतो आणि पुढे इन्स्टॉलर म्हणतो सीडी-रॉम सापडत नाही, मग माणूस नसलेली सीडी शोधत बसतो.

लिनक्सवर आयएसओ लिहायला डीडी कमांड मारताना दोन गोष्टी. एक, लिहायचं ते पूर्ण ड्राईव्हवर, म्हणजे एसडीबी, त्यातल्या एसडीबी१ पार्टिशनवर नाही. आणि एंटर मारायच्या आधी एलएसबीएलके (ड्राईव्हची यादी दाखवणारी कमांड) मध्ये साईझ बघा, १६ जीबीचा पेनड्राईव्ह तिथं १४-१५ जी दिसतो, ४६५ जी दिसत असेल तर ती तुमची हार्ड डिस्क आहे, हात मागे घ्या. दोन, प्रॉम्प्ट परत आला म्हणजे लिहून झालं असं समजू नका, डेटा मेमरीत अडकलेला असतो, सिंक मारा, ते संपू द्या आणि मगच काढा. लाईट लुकलुकत असताना उपटलेले माझे दोन पेनड्राईव्ह झालेत.

तयार पेनड्राईव्ह विंडोजला लावला की कधीकधी फॉरमॅट करू का विचारतो. कॅन्सल करा. मीडिया खराब नाहीये, विंडोजला तो वाचता येत नाही एवढंच.

स्वस्तातला ६४ जीबी घेतला असेल तर आधी एफ३ नावाच्या टूलने खरी साईझ तपासा. नकली माल वर ६४ सांगतो आणि आत ८ पण नसतो.

जुनी मशीन असतील तर अजून एक गोची. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही, त्यामुळे जुन्या पेंटियम ४ वर 'धिस कर्नल रिक्वायर्स ॲन एक्स८६-६४ सीपीयू' असं येऊन गाडी तिथंच थांबते. तसल्यांसाठी डेबियन १२ ची ३२ बिट डीव्हीडी वेगळी न्या. आणि वायफायसाठी फर्मवेअरवाली (वायफाय कार्डाला लागणारं सॉफ्टवेअर असलेली) अनऑफिशियल आयएसओ शोधा असा सल्ला जुन्या लेखांत दिसतो, तो सोडा, डेबियन १२ पासून (जून २०२३) फर्मवेअर ऑफिशियल आयएसओतच असतं.

दुसऱ्या फेरीतली गंमत. सगळं छान झालं, पेनड्राईव्ह काढून पुढच्या मशीनला लावला आणि आधीचं मशीन बूटच होईना. परत लावला की होतं! जुन्या बायॉस मशीनवर ग्रब (लिनक्स बूट करणारा प्रोग्रॅम) कुठे टाकू असं इन्स्टॉलर विचारतो, आणि मी सवयीने एसडीए, म्हणजे पहिला ड्राईव्ह, निवडलेलं, पण त्या मशीनवर एसडीए हा पेनड्राईव्हच होता. म्हणजे ग्रब माझ्या खिशात. शिवाय मीडिया खराब झाला तो वेगळाच, परत लिहावा लागला. तिथं कंसात ड्राईव्हचं नाव येतं, ते वाचा.

इन्स्टॉल झाल्यावर काही पॅकेज टाकायला गेलात तर एपीटी (पॅकेजेस टाकणारं टूल) म्हणतो अमुक लेबलची डिस्क घाला, कारण सोर्सेसच्या लिस्टमध्ये सीडीरॉमची ओळ राहिलेली असते. पेनड्राईव्ह घालूनही ऐकत नाही कधीकधी. मी सरळ आयएसओ हार्ड डिस्कवर कॉपी करतो, एका फोल्डरला माउंट करतो, म्हणजे ती तिथं उघडी करून ठेवतो, आणि सीडीरॉमच्या ओळीच्या जागी त्या फोल्डरचा पाथ देतो. बऱ्यापैकी पॅकेजेस मग तिथल्या तिथे मिळतात.

आठवड्याने सरांचा फोन, प्रिंटर चालत नाही. ड्रायव्हरचं पॅकेज डीव्हीडीवर नव्हतं. एपीटी-ऑफलाईन नावाचं टूल मी नशिबाने टाकून ठेवलेलं, मग सरांना फोनवर कमांड सांगितली, त्या मशीनवर काय लागतं त्याची एक छोटी फाईल तयार झाली, ती त्यांनी टाकीपाशी जाऊन पाठवली, मी घरी तिच्यावरनं पॅकेजेस उतरवली आणि पेनड्राईव्ह एसटीच्या कंडक्टरकडे दिला.