जुनी स्टेशन वॅगन घरीच सांभाळताना या चुका टाळा

खान्देशात स्टेशन वॅगन, म्हणजे टप मागेपर्यंत नेलेली, सामानाला मोठी जागा आणि मागे दार असलेली गाडी, कधी गल्लोगल्ली दिसली नाही. पण ज्याच्या दारात ती आली, त्याने ती सहजासहजी विकलीही नाही. १९९२ साली आलेली टाटा इस्टेट आणि २००४ साली आलेली इंडिगो मरिना या गाड्या जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर आजही एखादे वेळी भेटतात. मागे ठिबकच्या नळीची वेटोळी, केळीचे दोन घड आणि मधल्या सीटवर लग्नाला निघालेली मंडळी, असा त्यांचा संसार असतो. या गाड्या उघडून पाहिलेले मिस्तरी आता थोडे उरले असल्याने बरीचशी कामे मालकाला अंगणातच करावी लागतात. अशीच एक जुनी डिझेल वॅगन मी गेली अकरा वर्षे घरी सांभाळतो आहे. या काळातील खर्चाची वही चाळली, तर निम्म्याहून अधिक पैसे बिघाडामुळे गेलेले नसून, बिघाड नेमका कुठे आहे हे न तपासता सुटे भाग बदलल्यामुळे गेले आहेत, असे दिसते.

गाडी तापते, पण कधी तापते?

एप्रिल-मे महिन्यांत भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा गाडी तापण्याचा दोष आपण उन्हाला देऊन मोकळे होतो. वास्तविक कूलिंगची यंत्रणा धड असेल, तर या उन्हातही काटा मधल्या खुणेच्या फारसा वर जात नाही. म्हणून पहिला प्रश्न गाडी कधी तापते हा असावा. रेल्वे फाटकावर उभी असताना तापत असेल आणि चालू लागताच काटा खाली येत असेल, तर पंखा, त्याचा रिले, फ्यूज आणि त्याला चालू करणारा स्विच यांकडे पाहावे. याउलट गावात ठीक चालणारी गाडी महामार्गावर किंवा चढावर तापत असेल, तर पाणी पुरेसे फिरत नाही किंवा रेडिएटरमधून हवा जात नाही असे समजावे. कापसाच्या हंगामात रस्त्यावर उडणारे तंतू, धूळ आणि किडे एसीचा कंडेन्सर व रेडिएटर यांच्यामधल्या फटीत जाऊन बसतात. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, आत मात्र गोधडी तयार झालेली असते. ती काढण्यासाठी पाण्याची हलकी धार इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला सोडावी. सर्व्हिसिंगच्या पंपाची जोरदार धार मारल्यास रेडिएटरच्या पातळ पत्र्या वाकतात आणि हवा कायमची अडते.

या भागातील सर्वांत महागडी चूक म्हणजे रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतणे. ज्या पाण्याने बादलीला वर्षभरात पांढरा थर चढतो, तेच पाणी इंजिनच्या अरुंद वाटांतून तापून फिरू लागले की तिथेही तोच थर बसतो आणि उष्णता बाहेर पडण्याची वाट बंद होते. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे मिसळून भरावे. हिरवे, लाल, निळे असे जे हाताला लागेल ते एकमेकांत मिसळू नये. प्रवासात पाणी कमी झाले आणि दुसरा इलाजच नसला तर कोणतेही पाणी घालावे. परंतु घरी आल्यावर ते सगळे काढून यंत्रणा धुऊन घ्यावी. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे सर्वांना ठाऊक असते. ते का उघडू नये, हेही समजून घ्यावे. झाकण बंद असताना आतील दाबामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि झाकण फिरवताच दाब उतरून तेच पाणी क्षणात वाफ होऊन हातातोंडावर येते. झाकणाची रबरी चकती फाटली असेल, तरी गाडी तापू शकते. दोनेकशे रुपयांचे झाकण बदलून प्रश्न सुटत असताना लोक रेडिएटर बदलतात.

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे. ती थर्मोस्टॅटची, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या झडपेची. एका उन्हाळ्यात मिस्तरी म्हणाला, “भाऊ, थर्मोस्टॅट काढून टाकू, आपल्याकडच्या उन्हात त्याचं काय काम?” बोलणे पटले आणि तो भाग निघाला. पुढच्या थंडीत गाडी तासभर चालूनही इंजिन पुरेसे तापेना, धूर वाढला, डिझेल जास्त लागू लागले. आणि उन्हाळा आला तसा चढावर काटा पूर्वीपेक्षाही वर जाऊ लागला. याचे कारण असे की, अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की रेडिएटरला वळसा घालणारी बायपासची वाट बंद करतो. तोच नसला तर काही गरम पाणी रेडिएटरकडे न जाता पुन्हा इंजिनातच फिरत राहते. थर्मोस्टॅटवर संशय असेल तर तो काढून, स्वयंपाकात पुन्हा वापरायचे नाही अशा पातेल्यात, तळाला टेकू न देता दोऱ्याने टांगावा, शेजारी थर्मामीटर सोडावा आणि पाणी तापवावे. त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा जो आकडा कोरलेला असतो, त्या तापमानाच्या आसपास मधली चकती हळूहळू वर सरकू लागते आणि पाणी थंड झाले की पुन्हा बसते. ती हललीच नाही तर भाग बदलावा. हलली तर दोष दुसरीकडे शोधावा. काढलेले कूलंट अंगणात ओतू नये. ते चवीला गोड आणि विषारी असते, आणि गल्लीतली कुत्री ते चाटतात.

सकाळी थंड इंजिन सुरू करून एक-दोन मिनिटांतच रेडिएटरचा वरचा पाइप दगडासारखा टणक होत असेल, कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील किंवा कुठेही गळती नसताना पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या पातळ थराची शंका घ्यावी. हे काम अंगणातले नव्हे. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसल्यास गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नये, ओढून न्यावी.

मागचे दार

वॅगनचे वेगळेपण मागच्या दारात आहे आणि तिथल्या चुकाही वेगळ्या आहेत. वीस फुटी पाइप आत बसत नाहीत म्हणून ते दार उघडे ठेवून, दोरीने बांधून गाडी चालवणे ही आपल्याकडे नित्याची गोष्ट आहे. चालत्या वॅगनच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरमधून निघालेला धूर उघड्या दारातून आत ओढला जातो. त्यातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो; मागे बसलेल्या मुलांचे डोके दुखू लागले तर आपण ते उन्हाचे समजतो. पाइप टपावरच्या कॅरिअरला बांधावेत, किंवा सरळ छोटा टेम्पो सांगावा. दार बंद असतानाही आत धुराचा वास येत असेल, तर दाराभोवतीचे रबर तपासावे. त्यासाठी कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि ती ओढून पाहावी. जिथून ती सहज सुटते, तिथले रबर दबून गेलेले असते.

नंबर प्लेटचा दिवा, मागचा वायपर आणि काचेची तापणारी जाळी एकाच महिन्यात बंद पडली, म्हणून आमच्या शेजारच्या आप्पांनी बल्ब, वायपरची मोटर आणि शेवटी स्विचही बदलला. त्यांच्यासमोर बिजागरीजवळचा रबरी भोंगा मागे सारला, तेव्हा आत चार वायरी तुटलेल्या निघाल्या. एकीचे तांबे हिरवे पडले होते, दुसरी नुसत्या प्लास्टिकच्या आवरणावर लोंबत होती. दार उघडताना-लावताना वायरी त्याच एका जागी वाकतात आणि वर्षानुवर्षांनी तिथेच तुटतात. त्या नुसत्या पिळून चिकटपट्टी लावल्यास सहा महिन्यांत पुन्हा तुटतात. थोडी लांब, मऊ वायर मध्ये घालून, जोड वाकणाऱ्या जागेपासून दूर घेऊन, डाग देऊन घ्यावा.

दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. पावसाळ्यापूर्वी ती तारेने मोकळी करावीत आणि स्टेपनी उचलून खालचा खळगा कोरडा आहे ना, हे पाहावे. दार वर धरणारे गॅसचे दांडे कमजोर झाल्यास ते दाबून, छिद्र पाडून किंवा गॅस भरून दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नये. आत मोठा दाब असतो. जोडीच बदलावी.

टायर

उन्हाळ्यात टायर फुटेल म्हणून हवा कमी ठेवण्याचा सल्ला पेट्रोल पंपावर हमखास मिळतो आणि तो उलटा आहे. हवा कमी असली की टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतात, आतून तापतात आणि फुटण्याची शक्यता वाढते. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी आणि मागे ओझे भरणार असाल तर दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा पुस्तिकेत भारासाठी जो वेगळा आकडा दिलेला असतो, तेवढी मागच्या टायरांत भरावी. वॅगन महिनोन्‌महिने उभी राहते, त्यामुळे टायरची नक्षी शाबूत असते आणि मालक निश्चिंत असतो. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार अंक वाचावेत. ३२१४ असेल, तर तो टायर २०१४ सालच्या ३२व्या आठवड्यात तयार झालेला आहे, आणि नक्षी कितीही खोल असली तरी त्याचे आयुष्य संपलेले आहे.

सकाळी सुरू न होणारे डिझेल इंजिन

डिसेंबरात पारा दहा अंशांखाली उतरला की बॅटऱ्यांचा खप वाढतो, कारण जुने इंजिन सकाळी रेंगाळले की पहिला आळ बॅटरीवर येतो. स्टार्टर जोमात फिरत असेल तर बॅटरीला हात लावू नये. आधी डिझेल फिल्टरवरचा हातपंप दाबावा. तो आधी मऊ लागून नंतर कडक झाला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर रात्रीतून पाइपमध्ये हवा शिरते आहे, मग जुने पाइप, क्लिपा आणि फिल्टरचे रबर पाहावे. पंप पहिल्यापासूनच कडक असेल आणि तरीही गाडी दहा-पंधरा सेकंद पांढरा धूर सोडत अडखळत असेल, तर ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणारे प्लग, आणि त्यांचा रिले तपासावा. चारांपैकी दोन प्लग गेलेले असतानाही उन्हाळ्यात गाडी निमूट सुरू होते, म्हणून हा दोष थंडीपर्यंत लपून राहतो.

थोडक्यात, पण जिवाशी गाठ असलेल्या गोष्टी

काळ्या मातीवर जॅक लावू नये. पावसाळ्यात तो रुततो आणि उन्हाळ्यात भेगाळलेला ढेकूळ त्याच्याखाली फुटतो. जाड फळी घालावी. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या थरावर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये, लोखंडी घोड्या लावाव्यात. जळालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार घातल्यास पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळते. गंज लागू नये म्हणून गाडीच्या पोटाला जुने ऑइल फासण्याची पद्धत सोडावी, कारण सस्पेन्शनचे रबरी बुश त्याने फुगतात आणि मऊ पडतात. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढणे गाडीची परीक्षा असते, पण अपघाताची भीती उतरताना अधिक. डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी सोडल्यास ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन वेळा पेडल दाबताच संपतो आणि पेडल दगडासारखे होते. ज्या गियरमध्ये घाट चढला असता, त्याच गियरमध्ये तो उतरावा.

राहिला टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची चाल जुळवून ठेवणारा रबरी पट्टा. तुटण्यापूर्वी तो बहुधा आवाज करत नाही आणि तुटल्यावर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून हेड उतरवण्याची वेळ येते. वर्षाला तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा मालक किलोमीटरचा आकडा गाठण्याची वाट पाहत बसतो, पण रबर वयानेही कडक होते. पुस्तिकेत किलोमीटर आणि वर्षे दोन्ही दिलेली असल्यास जे आधी भरेल ते धरावे. जुनी गाडी विकत घेतली असेल आणि आधीच्या मालकाला बेल्ट कधी बदलला ते आठवत नसेल, तर तो बदललेलाच नाही असे समजावे. आमच्या गाडीच्या बेल्टच्या झाकणावर तारीख आणि मीटरचा आकडा पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेला आहे, आणि बॉनेट उघडणारा प्रत्येक मिस्तरी आधी तोच वाचतो.