फेजचा नियम पाठ करण्याआधी तीन ग्राफ काढा

बारावीच्या फिजिक्समधला ऑसिलेशन्सचा, म्हणजे आंदोलनांचा धडा मी बरीच वर्षं शिकवतोय. ‘वेग विस्थापनाच्या ९०° पुढे, त्वरण १८०° पुढे’ हा फेजचा, म्हणजे आंदोलनात कोण किती आधी-मागे आहे याचा नियम (एक पूर्ण आवर्तन म्हणजे ३६०°) जवळपास सगळ्यांना तोंडपाठ असतो. पण दोन ग्राफ समोर ठेवून ‘यातला पुढे कोण?’ असं विचारलं की वर्ग गप्प होतो.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझं सांगणं असतं, की विस्थापन, वेग आणि त्वरण यांचे ग्राफ एकाच पानावर एकाखाली एक काढा. वेळेचा अक्ष तिघांना एकच ठेवा. एक मीटर दोऱ्याला जड नट बांधून खिडकीच्या गजाला लटकवला, की त्याचं एक पूर्ण आंदोलन साधारण २ सेकंदांचं होतं. आयाम, म्हणजे मध्यापासूनचं कमाल अंतर, ५ सेंमी घ्या आणि नट मध्यातून उजवीकडे निघाला तिथून वेळ मोजा.

निघतानाच वेग कमाल असतो, सुमारे १५.७ सेंमी प्रति सेकंद. विस्थापन कमाल होतं ते अर्ध्या सेकंदानंतर, म्हणजे पाव आवर्तकालाने (एका पूर्ण आंदोलनाच्या वेळेच्या पाव भागाने, ९०° ने). वेगाचं शिखर आधी आलं, म्हणून वेग पुढे. कागदावर मात्र ते शिखर डावीकडे दिसतं आणि डावीकडचं ते मागे राहिलं असं वाटतं. सगळा घोळ इथेच आहे. वेळ डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे डावीकडचं ते आधी घडलेलं. जसा वेग हा विस्थापनाच्या ग्राफचा चढ, तसं त्वरण हे वेगाच्या ग्राफचा चढ. तेही त्याच नियमाने वेगाच्या आणखी ९०° पुढे जातं आणि विस्थापनाच्या बरोबर उलट होतं.

आता २.५ सेंमीवरचा वेग काढून बघा. बरेच जण कमाल वेगाच्या निम्मा सांगतात. खरा येतो १३.६, म्हणजे जवळपास ८७ टक्के. विस्थापन आणि वेग यांत ९०° चा फरक असल्यामुळे एक साइन तर दुसरा कोसाइन, आणि दोन्ही आपापल्या कमालाच्या प्रमाणात घेतले, की त्यांच्या वर्गांची बेरीज १ येते. सीईटीत गणित झटपट सुटतं ते याच नात्यामुळे.

ऊर्जेचे ग्राफही त्याच पानावर काढा. गतिज आणि स्थितिज ऊर्जा एका आवर्तनात दोनदा कमाल होतात. बल आणि वेग यांतही ९०° चा फरक आहे: पाव आवर्तन बल गतिज ऊर्जा वाढवतं, पुढचं पाव आवर्तन तेवढीच काढून घेतं, सरासरी शून्य. पुढे एसी सर्किटमध्ये शुद्ध इंडक्टर (रोध नसलेलं तारेचं वेटोळं) सरासरी पॉवर का खात नाही, हे शिकवायला मी हेच पान पुन्हा उघडायला लावतो.