महापुराचा गाळ आणि मिनी ट्रॅक्टरची फळी

कृष्णेचे पाणी उतरू लागले की सांगली जिल्ह्यातल्या नदीकाठच्या गावांत एक प्रश्न हमखास निघतो. जेसीबीला सगळीकडून बोलावणी असतात आणि आपला नंबर चार-सहा दिवसांनी लागणार असतो. तोवर घरच्या मिनी ट्रॅक्टरला फळी (गाळ सारण्याचे आडवे पाते) लावून अंगणातला आणि बोळातला गाळ काढता येईल का? ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांपर्यंत चढले आणि जुलै २०२१ मध्ये ते पुन्हा ५० फुटांच्या वर गेले. या दोन्ही वेळी मी माझा २२ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर, जो एरवी उसाच्या आणि हळदीच्या आंतरमशागतीला असतो, गाळाच्या कामाला लावला. पहिल्या वेळी फजिती झाली, दुसऱ्या वेळी काम झाले. ट्रॅक्टर तोच होता आणि फळीही तीच होती. बदलला होता तो गाळाचा ओलावा आणि थोडीफार माझी घाई.

थंड देशांतल्या चित्रफिती हल्ली सगळ्यांच्या मोबाइलवर येतात. चार चाकांची छोटीशी एटीव्ही गाडी पुढच्या फळीने घरासमोरचा बर्फ भराभर बाजूला सारते, आणि एवढीशी गाडी जर हे करते तर आपला आठशे किलोचा ट्रॅक्टर गाळ का सारणार नाही, असे वाटणे साहजिक आहे. ही तुलना वजनावर फसते. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण १०० किलो भरतो, तर ओला गाळ १,७०० किलोच्या आसपास भरतो. शिवाय तिकडेही अडीचशे किलोच्या गाडीला ओला किंवा दबून घट्ट झालेला बर्फ झेपत नाही. म्हणून जाणते लोक थर वाढण्याची वाट न पाहता बर्फ पडत असतानाच थोडा थोडा सारत राहतात, चाकांना साखळ्या बांधतात आणि गाडीच्या मागे वजन ठेवतात. त्यांची गाडी नव्हे, पण ही रीत आपल्या उपयोगाची आहे.

आधी आपल्या अंगणाचा हिशेब मांडावा. वीस फूट बाय तीस फूट अंगणात सहा इंच गाळ बसला असेल तर तो ३०० घनफूट, म्हणजे तीन ब्रास होतो आणि त्याचे ओले वजन चौदा टनांच्या घरात जाते. साडेचार फुटांच्या फळीपुढे एका खेपेत चार घनफुटांपेक्षा फारसे काही टिकत नाही, उरलेले दोन्ही कडांनी निसटते. तेव्हा पंचाहत्तर खेपा धरून चालावे. एका खेपेतला हा माल दोनशे किलोंच्या जवळ जातो. याउलट निसरड्या चिखलात ट्रॅक्टरची ओढ ही, ढोबळमानाने, ज्या चाकांना इंजिनचा जोर मिळतो त्यांच्यावरच्या वजनाच्या पाव ते एक तृतीयांश एवढीच असते. टू व्हील ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर पाचशे किलो वजन असेल तर ही ओढ सव्वाशे ते एकशे पासष्ट किलो भरते. इंजिनमध्ये ताकद शिल्लक असते, पण ती जमिनीवर उतरत नाही आणि चाके जागच्या जागी फिरतात. फोर व्हील ड्राइव्हमध्ये चारही चाकांवरचे वजन कामी येते, म्हणून या एका कामापुरता वीस अश्वशक्तीचा फोर व्हील ड्राइव्ह हा तीस अश्वशक्तीच्या टू व्हील ड्राइव्हपेक्षा मला अधिक भरवशाचा वाटतो.

आता मुख्य मुद्दा. गाळाच्या तीन अवस्था असतात आणि त्यांपैकी दोनच अवस्थांत फळी लावावी. पाणी ओसरता ओसरता तो राबडीसारखा पातळ असतो. फरशीवरून किंवा काँक्रीटवरून तो उताराच्या दिशेने नुसता लोटला तरी वाहतो, वर पाण्याचा फवारा असेल तर उत्तमच. जुनी माणसे उतरत्या पाण्याबरोबरच घर खराट्याने धुऊन काढतात ते याचसाठी. त्यानंतर एक-दोन दिवसांत तो मळलेल्या कणकेसारखा चिकट होतो आणि फळीला, टायरला, फावड्याला, सगळ्याला धरतो. या अवस्थेत ट्रॅक्टर शेडमध्येच असू द्यावा. मग ऊन पडले तर चार-सहा दिवसांत वरच्या थराला भेगा पडू लागतात, मूठभर गाळ दाबून सोडला की त्याचा गोळा हाताला न चिकटता फुटतो, म्हणजेच शेताच्या भाषेत वापसा येतो. तेव्हा फळीखालून त्याचे पापुद्रे सुटतात आणि काम निम्म्या कष्टात होते. त्याहून जास्त वाळू दिला तर मात्र तो विटेसारखा होतो आणि आधी फण घालून फोडावा लागतो.

२०१९ मध्ये मी नेमका मधल्या अवस्थेत ट्रॅक्टर घातला. दहा फूट गेलो नाही तोच टायरच्या गुट्ट्यांमधली (उंचवट्यांमधली) खाच भरून चाक गुळगुळीत पिंपासारखे दिसू लागले, फळी गाळावर चढून तरंगू लागली आणि वळताना ट्रॅक्टरची मागची बाजू आडवी घसरून तुळशी वृंदावनाला टेकली. वृंदावनाचा एक कोपरा गेला. घरातून त्यावर जे ऐकून घ्यावे लागले ते इथे लिहिण्याचे कारण नाही.

फळी मागच्या तीन-बिंदू जोडणीला (खाली दोन हात आणि वर एक दांडा, म्हणजे टॉप लिंक) लावलेली बरी, कारण मिनी ट्रॅक्टरचा पुढचा आस डोझरसारखा भार सोसण्यासाठी केलेला नसतो आणि गावात वेल्डिंग करून बंपरवर बसवलेली पुढची फळी पहिल्याच दगडाला वाकते. टॉप लिंकची लांबी कमी-जास्त केली की फळीचा कल बदलतो, एका कलात धार गाळात शिरते, दुसऱ्या कलात ती वरून सरकते. काँक्रीटवर ती वरून सरकेल अशीच ठेवावी, नाहीतर सांध्यात अडकून झटका बसतो. मागच्या चाकांत तीन चतुर्थांश पाणी भरून घ्यावे, हवा कंपनीने सांगितलेल्या मर्यादेच्या खालच्या टोकाला ठेवावी आणि पुढे वजने लावावीत, म्हणजे फळी ओढताना तोंड हलके पडत नाही. मागे रेटून गाळ ढकलण्याचा मोह बहुतेकांना होतो. हलका ढीग नीट करण्यापुरते ते चालते, पण खालचे लिफ्टचे हात ओढण्यासाठी असतात, जोराने ढकलल्यास ते वाकतात.

सुरुवात नेहमी उताराकडच्या, बाहेर पडण्याच्या टोकापासून करावी आणि दर खेपेला फळीच्या निम्म्या रुंदीएवढीच नवी पट्टी घ्यावी. त्यामुळे निदान एका बाजूची चाके साफ केलेल्या टणक जागेवर राहतात. लो गिअर, मध्यम रेस आणि क्लच पूर्ण सोडलेला, असे चालावे. अर्ध्या क्लचवर पंचाहत्तर खेपा केल्या तर क्लचप्लेटचा खर्च जेसीबीच्या भाड्यापेक्षा जास्त येतो. डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाके एकत्र फिरवणारी कळ) सरळ जाताना अडकल्यासच दाबावा आणि वळण्यापूर्वी सोडावा.

हे सगळे करण्याआधीची दोन कामे मात्र विसरू नयेत. गाळ हलवण्यापूर्वी घराचे, अंगणाचे आणि भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचे फोटो काढून ठेवावेत, कारण पंचनामा होईपर्यंत आपण सगळे चकाचक केले तर नुकसान दाखवायचे कशाच्या आधारे? दुसरे काम पहारीचे. शौचटाकीची झाकणे, शोषखड्डे, नळाचे कॉक गाळाखाली दिसत नाहीत. पहारीने चाचपून त्या जागी काठ्या रोवाव्यात. हरिपूरसारख्या गावांत हळद साठवण्याची जुनी पेवे जमिनीखाली आहेत, आणि पुराने भिजलेल्या पेवाच्या तोंडावरून आठशे किलोचे यंत्र नेणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. तिथे वापसा आला तरी हातानेच काम करावे. गाळात काचा आणि साप दोन्ही असतात, त्यामुळे खाली उतरताना गमबूट आणि हातमोजे हवेतच.

थर सहा इंचांहून जाड असेल, खाली काँक्रीट किंवा मुरूम नसून भिजलेली काळी माती असेल, किंवा नदीच्या दरडीकडे तोंड करून काम करावे लागणार असेल, तर जेसीबीची वाट पाहावी. काढलेला गाळ गटारीत लोटू नये. पुढच्याच पावसात तो सांडपाण्यासह परत अंगणात येतो. काचा आणि प्लॅस्टिक नसलेला गाळ ट्रॉलीतून शेतात नेऊन पातळ पसरता येतो. काम संपल्यावर त्याच संध्याकाळी ट्रॅक्टर धुवावा, रेडिएटरची जाळी आतून बाहेर पाणी मारून मोकळी करावी, आणि प्रत्येक निपलमध्ये ओला गाळ बाहेर पडून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत ग्रीस भरावे.