आवाज, अभिनय आणि हालचालीसह एकल ट्रॉम्बोनचा प्रयोग कसा बसवावा

सोलापुरात पितळी वाद्य म्हटले की वरातीपुढचा बँडच आधी डोळ्यांसमोर येतो. त्याच घराण्यातल्या ट्रॉम्बोनवर एकट्या वादकाने वाजवत, गात, बोलत आणि चालत सादर करावे असे संगीत १९६० च्या दशकापासून लिहिले जात आहे. ज्याचा वादनाचा पाया पक्का आहे, त्याने पाच मिनिटांचा असा प्रयोग बसवायला जरूर घ्यावा. मात्र आधी स्वर बसवून अभिनय मागाहून चिकटवला तर तो चिकटवलेलाच दिसतो. म्हणून श्वास, शब्द आणि पाऊल ही पहिल्या दिवसापासून एकत्रच बसवावीत.

अभ्यासासाठी इटालियन संगीतकार लुचानो बेरिओ यांची १९६६ ची ‘सेक्वेन्झा ५’ ही रचना प्रथम ऐकावी आणि पाहावी. ग्रॉक या विख्यात विदूषकाच्या स्मरणार्थ ती लिहिलेली आहे. वादक वाद्य उचलतो, खाली घेतो, पुन्हा उचलतो. पूर्वार्ध उभ्याने होतो, मग तो ‘व्हाय’ (का?) असा एकच इंग्रजी प्रश्न उच्चारतो आणि उत्तरार्ध बसून वाजवतो. या एका शब्दातले ऊ-आ-ई हे स्वरच वाद्याच्या पुढच्या रुंद तोंडावरील झाकणाच्या उघडझापीतून रचनेत ऐकू येतात. आपल्या प्रयोगासाठी मी ‘कुठाय?’ हा शब्द सुचवेन, कारण त्यातही उ-आ-य असाच प्रवास आहे आणि तो आपल्या तोंडी रोजचा आहे.

आता गाण्याकडे वळू, कारण सर्वाधिक कष्ट आणि सर्वाधिक आनंद येथेच आहे. टेनर ट्रॉम्बोनवर स्लाइड, म्हणजे पुढे-मागे सरकणारी नळी, पहिल्या स्थानावर (पूर्ण आत) ठेवून सुमारे ११६.५ हर्ट्झचा स्वर धरावा आणि त्याला सा मानावे. ओठांची थरथर न मोडता प्रथम हाच सा गळ्यातून गावा. दोन स्वरांमधले डोलणे, म्हणजे आवाजाचा कमी-जास्त होणारा हेलकावा, थांबले की गळा हळूहळू पंचमावर, म्हणजे सुमारे १७५ हर्ट्झवर न्यावा. पंचम नेमका लागताच दोन्ही कंपनसंख्यांच्या वजाबाकीतून सुमारे ५८ हर्ट्झचा खर्जातला सा आणि बेरजेतून सुमारे २९१ हर्ट्झचा तार सप्तकातला गंधार उमटतो, आणि एकटा माणूस चार स्वरांत बोलू लागतो. तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार ज्याने ऐकला आहे, त्याला हा अनुभव परका वाटणार नाही. म्हणूनच हा सराव हार्मोनियमवर नव्हे, तंबोऱ्यावर करावा. स्त्रियांनी मंद्राऐवजी वरचा स्वर वाजवून त्याचा पंचम गावा; हिशेब तोच राहतो.

झाकणासाठी मोरी तुंबल्यावर वापरतात तो रबरी कप दांडा काढून घ्यावा. तो हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. उजवा हात स्लाइडवर असल्याने कप डाव्या हातातच धरावा लागतो आणि त्याच हाताच्या उरलेल्या बोटांवर वाद्याचा भार येतो, म्हणून सुरुवातीला पाच मिनिटांपेक्षा अधिक सराव करू नये. ट्रॉम्बोनवादक आणि संगीतकार विन्को ग्लोबोकार यांच्या १९७३ च्या एका एकल रचनेत श्वास सोडताना तसेच आत घेतानाही वाजवायचे असते. हे तंत्र घ्यायचे असल्यास बसूनच शिकावे आणि चक्कर येऊ लागताच थांबावे.

चालताना डोके हलले की माउथपीस ओठांवर सरकतो आणि स्वर तुटतो. गुडघे किंचित वाकवून, टाच आधी टेकवून चालावे आणि चालण्याच्या ओळी पहिल्या तीन स्थानांतच रचाव्यात, कारण सातव्या स्थानावर स्लाइड हातभर पुढे जाते. प्रत्येक पाऊल स्वरलेखनाखाली लिहावे. जे लिहिलेले नाही ते रंगमंचावर करू नये, या बाबतीत मी कठोर आहे.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे जातो, ओठ सुकतात आणि स्लाइड सहज सरकावी म्हणून तिच्यावर फवारलेले पाणी लगेच उडते. शिवाय धूळ बसली की स्लाइड अडखळते. सराव पहाटे करावा आणि स्लाइड रोज पुसावी. खोली घुमत असेल तर दोन भिंतींवर सोलापुरी चादरी टांगाव्यात, म्हणजे गळ्याचा आणि वाद्याचा स्वर वेगवेगळा ऐकू येतो. पहिला प्रयोग हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या मोठ्या नाट्यगृहात न करता एखाद्या वर्गखोलीत वीस-पंचवीस जणांसमोर करावा, कारण श्वासाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचणे येथे आवश्यक आहे.

शेवटचा स्वर संपल्यावर वाद्य लगेच खाली घेऊ नये. श्वासाची सळसळ विरेपर्यंत तसेच उभे राहावे. मग स्लाइड पहिल्या स्थानावर आणून तिची कडी लावावी आणि त्यानंतरच नमस्कारासाठी वाकावे, अन्यथा बाहेरची नळी निसटून जमिनीवर पडते.