आवडत्या व्यक्तीची नक्कल करणारे पात्र : मुलांच्या मालिकेचा भाग कसा लिहावा

मुलांच्या मालिकांत एक कथानक वारंवार येते. लहान पात्राला कोणी तरी मोठे फार आवडते, ते त्याच्यासारखे चालू-बोलू लागते, त्यातून फजिती होते, सगळे हसतात आणि शेवटच्या मिनिटात त्याला समजावले जाते की तू आहेस तसाच छान आहेस. असा भाग लिहायला सोपा असतो आणि बघायलाही गोड वाटतो. तरीही मला तो अपुरा वाटतो, कारण ज्या प्रेक्षकासाठी तो लिहिला जातो, तो प्रेक्षक दिवसभर अनुकरणातूनच शिकत असतो. बोलणे, बुटाची नाडी बांधणे, रुसलेल्या मित्राची समजूत काढणे, हे सारे मूल कोणाचे तरी पाहूनच उचलते. म्हणून भाग लिहायला बसताना 'ही नक्कल थांबेल कशी' यापेक्षा 'ही नक्कल कुठपर्यंत पोहोचेल' हा प्रश्न समोर ठेवावा.

पटकथेला हात घालण्यापूर्वी एक काम करून घ्यावे. आपल्या पात्राला समोरच्या व्यक्तीचे नेमके काय भावले आहे, ते एका वाक्यात लिहावे. 'ती भारी आहे' एवढे पुरेसे नाही. त्यानंतर त्या व्यक्तीच्या तीन-चार दिसणाऱ्या सवयी लिहाव्यात आणि प्रत्येक सवयीपुढे तिचे कारण लिहावे. ज्या सवयीचे कारण बघणाऱ्याला सहज दिसत नाही, पण कळले की पटते, ती सवय तुमच्या कथेचा कणा होऊ शकते.

हे उदाहरणाने सांगतो. मीरा नावाची मोठी मुलगी मोडलेली खेळणी दुरुस्त करते आणि शेजारचा टिकू तिच्यावर बेहद्द खूश आहे. मीरा कानावर पेन्सिल खोचते, खेळणे हातात आले की 'हं, बघू या' म्हणते आणि ते उघडण्यापूर्वी त्यावर बोटाने हलकी टिचकी मारते. टिकू पेन्सिल खोचतो, 'हं, बघू या' म्हणतो आणि दिसेल त्या वस्तूवर टिचक्या मारत सुटतो: डबा, चेंडू, उशी, झोपलेले मांजर. इथपर्यंतची गंमत कोणीही लिहील. मात्र मीरा टिचकी मारते ती ऐकण्यासाठी. आत काही सुटे झाले असेल तर ते खुळखुळते आणि कुठे उघडायचे हे तिला कळते. टिकूने टिचकी घेतली, ऐकणे घेतलेच नाही. भागाच्या उत्तरार्धात चावीचा बेडूक उडी मारेनासा होतो, मीरा जवळ नसते, टिकू सवयीने टिचकी मारतो आणि योगायोगाने त्या क्षणी खोलीत शांतता असते. आतून बारीकसा आवाज येतो. तो पुन्हा टिचकी मारतो, या वेळी कान बेडकाला लावून. त्याच्या शिकण्याची सुरुवात इथे होते आणि तीही नक्कल सोडून न देता, ती पुढे नेऊन.

मुले खरोखरच अशी वागतात. व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लहान मुलांना आणि चिंपांझींना एका पेटीतून बक्षीस कसे काढायचे ते करून दाखवले होते. दाखवलेल्या कृतींपैकी काही अगदीच निरुपयोगी होत्या. पेटी पारदर्शक असताना आणि त्या कृतींचा उपयोग नाही हे दिसत असताना चिंपांझींनी त्या बहुतांशी गाळल्या, पण तीन-चार वर्षांच्या मुलांनी त्या इमानाने करून दाखवल्या. कारण कळले नसतानाही मोठ्यांवर विश्वास ठेवून कृती पूर्ण उचलणे हा मुलांचा स्वभाव आहे. त्यामुळे टिकूची टिचकी मूर्खपणाची म्हणून रंगवू नये. ती विश्वासाची म्हणून रंगवावी. विनोद परिस्थितीतून यावा, उशीवर टिचकी मारून गंभीरपणे वाट पाहण्यातून यावा. इतर पात्रांनी टिकूकडे बोट दाखवून हसण्यातून तो येऊ नये, कारण पडद्यासमोर बसलेल्या मुलानेही त्याच सकाळी कोणाची तरी नक्कल केलेली असते.

आता ज्याची नक्कल होते त्या पात्राकडे वळू या. बहुतेक पटकथांत मला सर्वांत मोठी उणीव इथेच दिसते. आदर्श पात्र नुसते निर्दोष आणि दूरचे ठेवले जाते, त्याला कथेत काम नसते. त्याला नक्कल दिसली पाहिजे आणि त्याने काही तरी केले पाहिजे. मीराला आधी बरे वाटेल, मग तिच्या प्रत्येक वाक्याचा प्रतिध्वनी ऐकून ती वैतागेल आणि कदाचित टिकूला तोडून बोलेलही. हे तिच्या चांगुलपणाला बाधा आणत नाही. उलट आवडत्या माणसालाही कंटाळा येतो, त्याचेही चुकते आणि तो नंतर ते निस्तरतो, हे पाहणे मुलांसाठी मोलाचे आहे. तिच्या हातून एक खेळणे बिघडलेले टिकूने पाहिले, तर हे कौशल्य जादूने आलेले नाही हे कोणत्याही संवादाशिवाय कळते.

नक्कल केवळ शिकण्यासाठी असते असेही नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'ब्लूई' या ऑस्ट्रेलियन मालिकेच्या पहिल्याच हंगामात 'कॉपीकॅट' नावाचा भाग आहे. त्यात ब्लूई बाबांच्या बोलण्याची आणि वागण्याची नक्कल करीत असते. वाटेत त्यांना जखमी पक्षी सापडतो, ते त्याला डॉक्टरांकडे नेतात, पण तो वाचत नाही. घरी आल्यावर ब्लूई तोच प्रसंग खेळातून पुन्हा उभा करते. सुरुवातीला खोडी वाटणारी नक्कल तिथे एक अवघड गोष्ट मनात रिचवण्याचा मार्ग होते. इतका जड विषय प्रत्येक भागात हवा असे नाही, पण आपले पात्र कोणत्या गरजेपोटी नक्कल करते हे लेखकाने स्वतःला विचारलेच पाहिजे. नवीन शाळेत आलेले मूल सगळ्यांना आवडणाऱ्या मुलीसारखे बोलू लागते तेव्हा त्याला तिचे बोलणे नको असते, डबा खाताना शेजारी बसणारे कोणी तरी हवे असते. ही गरज भागली नाही तर कथा पूर्ण होत नाही, मग शेवटचा संवाद कितीही सुरेख असो.

यानंतरचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. मुले भागाचा मधला भाग शिकतात, शेवट नव्हे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी १९६१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेल्या प्रयोगात, मोठ्या माणसाला फुगवलेल्या बाहुलीला मारताना पाहिलेल्या मुलांनी नंतर तेच केले होते. त्यांचा १९६५ चा प्रयोग लेखकांना अधिक उपयोगी आहे. त्यात मुलांना चित्रफीत दाखवली गेली. काहींनी मारणाऱ्याला शाबासकी मिळालेली पाहिली, काहींनी शिक्षा झालेली. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी कमी नक्कल केली. पण 'तो काय करीत होता ते करून दाखवा, बक्षीस मिळेल' असे सांगताच हा फरक जवळजवळ पुसला गेला. म्हणजे वाईट कृती सगळ्यांनीच टिपून ठेवली होती. अकरा मिनिटांच्या भागात नऊ मिनिटे पात्र उद्धटपणे बोलत असेल आणि उरलेल्या दोन मिनिटांत माफी मागत असेल, तर आपण नऊ मिनिटे उद्धटपणाचे प्रात्यक्षिक दाखवलेले असते.

बोध तरी पोहोचतो का, हाही प्रश्न आहे. मेरी-लुईस मेअर्स आणि एमिली अकोस्ता यांनी २००८ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांना एका कार्टून मालिकेतला तीन पायांच्या कुत्र्याचा भाग दाखवला होता. इतर कुत्री त्याला आधी घाबरतात आणि मग स्वीकारतात. वेगळ्या माणसांशी आपुलकीने वागावे हा त्याचा आशय. बऱ्याच मुलांपर्यंत तो पोहोचला नाही. त्यांना तो तीन पायांच्या कुत्र्यांशी चांगले वागण्यापुरताच वाटला. म्हणून मुख्य गोष्ट शेवटच्या संवादावर सोपवू नये. टिकूच्या भागात 'ऐकणे' ही कृती मुलांना निदान तीनदा दिसली पाहिजे: मीरा सुरुवातीला करते तेव्हा, तिने ती टिकूच्या नकळत केली तेव्हा, आणि टिकू स्वतः करतो तेव्हा. त्यातही एकदा ती खेळण्यांच्या बाहेर यावी. मीरा एखाद्या रडणाऱ्या मुलाचे बोलणे तसेच कान देऊन ऐकते, असा प्रसंग घेतला तर हे केवळ बेडकापुरते राहत नाही.

सुरक्षिततेचा विचार कथा सुचतानाच करावा, चित्रीकरणाच्या वेळी नव्हे. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या प्रसारण नियामक संस्थेच्या संहितेत, मुलांना सहज नक्कल करता येईल अशा धोकादायक वर्तनाबद्दल स्वतंत्र नियम आहे. 'पेपा पिग' या मालिकेच्या सुरुवातीच्या भागांत पात्रे गाडीत सीटबेल्ट लावत नव्हती. पालकांनी लक्ष वेधल्यावर निर्मात्यांनी पुढे पट्टे दाखवले आणि जुने भागही नव्याने दुरुस्त केले. नक्कल हाच विषय असलेल्या भागात ही काळजी दुप्पट हवी, कारण पडद्यावरचे पात्रच प्रेक्षकाला नकलेचे निमंत्रण देत असते. टिकूच्या हाती मी चावीचे खेळणे दिले आहे ते याचसाठी. तिथे विजेवर चालणारे रेडिओ किंवा पंखे चालणार नाहीत.

पेहराव आणि ठरलेले वाक्य याबद्दल थोडक्यात सांगायचे तर, दोन्ही एकेकच ठेवावे. तीन-चार वर्षांच्या मुलाला एक ठळक खूण पुरते. वाक्य असे असावे की ते मोठ्या पात्राच्या तोंडी अर्थपूर्ण आणि छोट्याच्या तोंडी अवेळी वाटेल, आणि आवाज देणाऱ्या कलाकाराला ते तीन वेगवेगळ्या भावांत म्हणता येईल.

भागाच्या शेवटी ती खूण उतरवून टाकण्याचा मोह होतो: टिकू पेन्सिल परत करतो आणि 'मी टिकूच बरा' म्हणतो. असे करू नये. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार आणि सहा वर्षांच्या मुलांना कंटाळवाणे काम दिले होते आणि मध्येच टॅबलेटवर खेळायची मोकळीकही होती. ज्यांना आपण बॅटमॅन किंवा डोरा आहोत असे समजायला सांगितले होते, ती मुले कामाला सर्वांत जास्त वेळ चिकटून राहिली. दुसऱ्याचा वेश लहान मुलाला बळ देऊ शकतो. पेन्सिल टिकूच्या कानावर राहू द्यावी. फार तर ती हातात घेऊन तो बेडकाच्या कोणत्या बाजूने आवाज आला तिथे खूण करील, आणि तिथे तिचा पहिल्यांदा उपयोग होईल.

लेखन झाल्यावर संहिता ज्या वयासाठी आहे त्या वयाच्या पाच-सहा मुलांना वाचून दाखवावी, जमले तर स्टोरीबोर्डची, म्हणजे प्रसंगांची क्रमवार काढलेली, चित्रे लावून. 'यातून काय शिकलास?' असे विचारू नये, कारण मुले मोठ्यांना आवडेल तेच उत्तर देतात. त्याऐवजी काही खेळणी समोर ठेवून 'टिकूसारखे करून दाखव' म्हणावे आणि नुसते पाहावे. ती टिचकी मारून कान लावत असतील तर भाग जमला आहे. नुसतीच टिचकी मारत असतील, तर ऐकण्याचे प्रसंग पुरेसे ठळक नाहीत. आणि ती एकमेकांना मीरासारखे झिडकारू लागली, तर झिडकारण्याचा प्रसंग लहान करावा आणि तिने तो निस्तरण्याचा प्रसंग भागाच्या मध्यावर आणावा.